साडेतीन ताऱ्यांची कुळकथा

"किती स्टार दिलेत?" चाकूरमध्ये चहाच्या हॉटेलात शनिवार-रविवारचा पेपर हातोहात फिरतो, तेव्हा नव्या पिक्चरबद्दल हाच प्रश्न आधी निघतो. प्रश्न रास्त आहे. इथून लातूरला जाऊन घरातल्या चौघांनी पिक्चर बघायचा तर तिकिटांवर जाण्यायेण्याचं भाडं चढतं आणि अख्खा दिवस मोडतो. एवढा खर्च करणाऱ्याला कुणीतरी आधी खरं सांगायला हवं. सिनेमाचं परीक्षण उभं राहिलं ते याच गरजेवर. तारे मात्र नंतर आले, तेही दुसऱ्याच मुलखातून.

आपल्याकडची सुरुवात 1913 सालची. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्याआधी 21 एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक पाहुण्यांसाठी खास खेळ झाला आणि त्या पाहुण्यांत वृत्तपत्रांचे संपादकही होते. आजच्या प्रेस शोची रीत तीच आहे: निर्मात्यानं आधी दाखवायचं, पेपरवाल्यानं पाहून लिहायचं, मग लोकांनी ठरवायचं.

पेपरवाला मध्ये कशाला हवा, याचं उत्तर याच चित्रपटाच्या सुरतेतल्या जाहिरातीत मिळतं. 57,000 छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत, असा तिचा मजकूर होता. हिशेब करून पाहू. 35 मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात 16 चौकटी मावतात. म्हणजे 57,000 छायाचित्रांना साधारण 3,560 फूट फीत लागते, आणि चित्रपटाची लांबी 3,700 फूट सांगितली जाते. छायाचित्रांचा आकडा खराच होता. दोन मैल म्हणजे मात्र 10,560 फूट, जवळपास तिप्पट! गल्ला भरण्यासाठी जाहिरात असं करणारच. म्हणूनच त्या गल्ल्यात ज्याचा वाटा नाही असा तिसरा माणूस लागतो.

हा तिसरा माणूस पुढे मुंबईत चांगलाच वजनदार झाला. 1935 साली बाबुराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' मासिक काढलं. त्यांच्या लेखणीचा निर्मात्यांना धाक असे. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये परीक्षणं लिहीत. नुसतं बोलणं सोपं, करून दाखवा, असं त्यांना ऐकवलं गेलं. त्यांनी कथा लिहिली आणि त्यातून 1941 चा 'नया संसार' झाला. त्यात एका वृत्तपत्रातल्या माणसांचीच गोष्ट होती.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राजवटीत होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदीमागून बंदी येत होती. अशा मुलखात सिनेमावरचं मराठी लेखन पुण्यामुंबईच्या अंकांतूनच पोचायचं. पुढे राजवट गेली, पण अंतर राहिलं. पिक्चरची पेटी आधी मोठ्या शहरात चाले, मग जिल्ह्याच्या गावी, आणि घासलेली, तुटून जोडलेली फीत शेवटी तालुक्याच्या नाहीतर जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या पडद्यावर लागे. परीक्षण मात्र कधीच येऊन गेलेलं असे. त्यामुळे इथल्या वाचकाला ते तिकीट काढायचं की नाही एवढंच सांगत नसे. कथा काय, कुणी कसं काम केलं, गाणी कुठे येतात, हे वाचून तो न पाहिलेला पिक्चर मनात रचत असे. कित्येक पिक्चर इकडे आलेच नाहीत. त्यांची ओळख कागदावरच झाली.

तारे आले ते न्यूयॉर्कहून. 'डेली न्यूज'च्या आयरीन थायरर यांनी 31 जुलै 1928 रोजी 'द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स' या चित्रपटाला एक तारा दिला. तीन तारे म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा, आणि एकही नसला तर वाटेला जाऊ नका. आठवड्याला ढिगानं चित्रपट लागणाऱ्या शहरात वाचकाला झटपट निवड करायची होती. त्याच्यासाठी ही सोय होती, आणि सोय म्हणून ती उत्तमच होती. पन्नाशीच्या दशकात पॅरिसच्या 'काहिये द्यु सिनेमा'नं तिला आणखी एक वळण दिलं. दहा जणांचे तारे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापले. एकानं डोक्यावर घेतलेला चित्रपट दुसऱ्यानं मोडीत काढलेला वाचकाला एका नजरेत दिसू लागला. तारा हे एका माणसाचं मत आहे, ही गोष्ट त्या तक्त्यात उघड होती.

आपल्या दैनिकांत तारे पाचांपैकी मोजायची पद्धत रुळली. अर्धा ताराही आला, आणि 'साडेतीन स्टार' हे सगळ्यांचं आवडतं ठिकाण झालं. तिथे कौतुकही होतं आणि कुणी दुखावतही नाही. मग तेच तारे पोस्टरवर चढले. जाहिरातीला आवर घालायला आलेली खूण जाहिरातीच्याच कामाला लागली. त्यात पिक्चर आता लातूरलाही मुंबईच्याच शुक्रवारी लागतो, सोमवारी उतरूही शकतो. परीक्षण लिहिणाऱ्याला पहिला खेळ पाहून रात्रीच्या आत मजकूर द्यावा लागतो. जागा कमी पडली की मजकुरातली वाक्यं कापली जातात, तारे तसेच राहतात.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा शेवट आठवावा. चिडवणाऱ्यांवर त्यातल्या जब्या नावाच्या पोरानं भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे येतो. तो दगड कुणाला लागला, का लागला, इतका वेळ आपण कुठल्या बाजूला बसून बघत होतो, हे सांगायला वाक्यंच लागतात. तिथे चार तारे नि साडेचार तारे यांतल्या फरकाला काही अर्थ उरत नाही.

तारे राहू द्यावेत. दिवस मोडून लातूरला निघालेल्या माणसाला त्यांचा उपयोग आहे. पण त्यांच्याखाली कारणं हवीत: पिक्चर काय करू पाहतो, कुठे जमलं, कुठे फसलं, घरच्यांना घेऊन जाण्याजोगा आहे का. चाकूरच्या वाचकानं वर्षानुवर्षं न पाहिलेले पिक्चरसुद्धा मन लावून वाचले. त्याला नुसता आकडा पुरेल, असं कुठल्याही संपादकानं धरून चालू नये.