तोंडावाटे इन्सुलिन आणि पुण्यातले सुवर्णकण

इन्सुलिन हे प्रथिन आहे, आणि पोटात गेलेल्या डाळीतल्या प्रथिनाचे जे होते तेच त्याचेही होते. जठरातले आम्ल ५१ अमिनो आम्लांच्या या रेणूची घडी मोडते. पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यातले ट्रिप्सिन त्याचे तुकडे करतात. त्यातून जे वाचते ते आतड्याच्या अस्तरापाशी अडते, कारण तिथे वर चिकट श्लेष्मा असतो आणि खाली एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशी. त्यामुळे ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले, आणि तेव्हापासून इन्सुलिन म्हटले की सुई आलीच.

तोंडावाटे इन्सुलिन देण्यामागे टोचणी टाळणे एवढाच हेतू नाही. स्वादुपिंडातून निघालेले इन्सुलिन आधी यकृतात जाते. आतड्यातून शोषलेलेही त्याच वाटेने जाते. त्वचेखाली टोचलेले मात्र आधी सगळ्या शरीरात पसरते.

मार्गात रेणू टिकवायचा आणि मुक्कामी मोकळा करायचा, हा खरा पेच. इचलकरंजीकरांना तो वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे मागांच्या जोडीने सायझिंगचा धंदा वाढला. ताण्याचा धागा गरम खळीतून काढतात, वाफेच्या रुळांवर सुकवतात आणि बीमवर गुंडाळतात. खळीमुळे मागावरचे घर्षण सोसूनही धागा तुटत नाही. पण कापड प्रोसेसला गेले की तीच खळ अडचण होते, रंग नीट बसू देत नाही. तेव्हा अमायलेज या विकराने ती उतरवतात. पिष्ट पचवणारे लाळेतले विकर याच कुळातले. कवच मागावर टिकले पाहिजे आणि प्रोसेसमध्ये उतरले पाहिजे. इन्सुलिनच्या कवचाकडूनही एवढीच अपेक्षा असते.

१९७६ मध्ये पटेल आणि रायमन या संशोधकांनी इन्सुलिन लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून उंदरांना पाजले. १९८८ मध्ये डामझे आणि सहकाऱ्यांनी बहुवारिकाच्या नॅनोकुप्या वापरल्या, आणि मधुमेही उंदरांची साखर काही दिवस खाली राहिली. नॅनोकण म्हणजे किती लहान? कापसाच्या एका तंतूची जाडी साधारण १० ते २० मायक्रोमीटर असते. १०० नॅनोमीटरचा कण तिच्या शंभराव्या ते दोनशेव्या हिश्शाएवढा.

महाराष्ट्रातले यातले ठळक काम पुण्यात झाले. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांचा गट सोन्याच्या नॅनोकणांवर काम करत होता, तर एरंडवण्यातल्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत वर्षा पोखरकर यांचा गट औषधे शरीरात पोहोचवण्याच्या पद्धतींवर. दोघांचे संयुक्त निबंध २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या निबंधातली युक्ती विशेष देखणी आहे. सोन्याच्या क्षाराचे फिकट पिवळे द्रावण कायटोसानबरोबर तापवले की माणकासारखे लाल होते. हा लाल रंग हीच नॅनोकण तयार झाल्याची खूण. कायटोसान खेकडे-कोळंबीच्या कवचांपासून मिळते. इथे तेच क्षारातून सोने मोकळे करते आणि तेच कणांभोवती वेष्टन होऊन बसते. त्याचा भार धन असल्याने ते ऋणभारित श्लेष्म्याला चिकटते आणि पेशींमधले सांधे थोडे सैल करते. असे इन्सुलिन लादलेले कण मधुमेही उंदरांना तोंडाने दिल्यावर दोन तासांत रक्तातली साखर सुमारे ३० टक्क्यांनी उतरली.

मात्रा होती किलोमागे ५० युनिट. नुसत्या वजनाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला ती ३,००० युनिट होईल. आपल्याकडच्या १० मिलिलिटरच्या, ४० ताकदीच्या कुपीत ४०० युनिट असतात. म्हणजे एका वेळेला साडेसात कुप्या. माणसाचा डोस उंदरावरून इतका सरळ काढता येत नाही, पण अडचण कुठे आहे ते या गणितात दिसते. गिळलेल्या इन्सुलिनचा फार थोडा भाग रक्तात उतरतो आणि बाकीचा वाया जातो. औषध स्वतःच्या खिशातून विकत घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराच्या दृष्टीने, सुई टळण्याइतकाच हा हिशेब महत्त्वाचा आहे.

पुढची ठेचही इथेच लागली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नोव्हो नॉर्डिस्कची नॅनोकण नसलेली इन्सुलिनची गोळी टोचलेल्या ग्लार्जिन इन्सुलिनच्या तोडीस तोड ठरली, तरी लागणारी मात्रा एवढी मोठी होती की कंपनीने ते काम थांबवले. इस्रायलमधल्या ओरामेडची गोळी जानेवारी २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सिल्व्हर सल्फाइडच्या कणांना कायटोसान आणि ग्लुकोजचे वेष्टन दिले. साखर वाढली की त्यातून इन्सुलिन सुटते, आणि २०२४ च्या निबंधात त्यांनी बबून माकडांवरचे निष्कर्ष मांडले.

२०२२ पासून भारतात सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाची गोळी मिळते. ते इन्सुलिन नव्हे आणि त्यात नॅनोकणही नाहीत. शोषण वाढवणाऱ्या एका क्षारावर तिचे काम चालते. ती उपाशीपोटी १२० मिलिलिटरपर्यंत पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचे नाही. एवढे करून औषधाचा सुमारे एक टक्का रक्तात पोहोचतो. इन्सुलिनची गोळी मात्र इचलकरंजीतल्या रुग्णाला आजही मिळत नाही.