गोलंदाज, फलंदाज आणि अब्बांचा रेडिओ

मिरजेत आमचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, हवा, एवढाच धंदा. दाराच्या चौकटीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर. कसोटी सामना सुरू असला की पंक्चर निघालं तरी गिऱ्हाईक हलायचं नाही. सायकलच्या दांडीला टेकून उभं राहायचं आणि विचारायचं, "किती झाले?"

मी क्रिकेटमधला जाणकार नव्हे. कुणाची सरासरी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. मला ओढ होती ती त्या आवाजांची. इंग्रजीत सुरेश सरैया, हिंदीत जसदेव सिंग, सुशील दोशी, रवी चतुर्वेदी. इंग्रजी आमच्या डोक्यावरून जायचं, हिंदी अब्बांना जवळचं. पण मुंबई-पुण्याकडून मराठी समालोचन लागलं आणि खरखरीतून बाळ ज. पंडितांचा आवाज आला, की मी हातातली ट्यूब पाण्यात तशीच बुडवून ठेवून ऐकत बसायचो. अब्बा ओरडायचे, "अरे, बुडबुडे बघ, बुडबुडे!"

पंडित पुण्याचे, स्वतः क्रिकेट खेळलेले. मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन करता येतं, हे ज्यांनी लोकांच्या गळी उतरवलं त्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागेल. काम सोपं नव्हतं. चेंडू टाकून तो यष्टिरक्षकाच्या हातात जाईपर्यंत किती वेळ मिळतो? तेवढ्यात वाक्य पुरं व्हायला हवं. वर्तमानपत्रातला शब्द वाचायला चालतो, तोंडात बसेलच असं नाही. षटक, चौकार, पायचीत, निर्धाव हे शब्द मराठी माणसाच्या जिभेवर बसले त्यात वर्तमानपत्रांइतकाच या आवाजांचा वाटा आहे.

या शब्दांनीच मला पकडलं. आम्ही घरात दख्खनी बोलायचो, शाळेत मराठी. गुरुजी कौतुकानं म्हणायचे, "तुझं मराठी चांगलं आहे हो!" कविसंमेलनात आजही कुणीतरी हेच म्हणतं. वाईट हेतू नसतो. पण ज्या भाषेत मी कविता लिहितो ती माझ्याकडे पाहुणी म्हणून आली आहे, असं त्यातून निघतं. रेडिओ ऐकताना मला तसं कधी वाटलं नाही. कारण गोलंदाज हा शब्द. 'अंदाज' म्हणजे फेकणारा, हे फारसी. तिरंदाज म्हणजे तीर सोडणारा, तसा गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा डागणारा. मराठ्यांच्या तोफखान्यात गोलंदाज असत. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या तोफा ज्यांनी चालवल्या तेही गोलंदाजच. लढाया संपल्या, तोफा गंजल्या, शब्द मात्र शिल्लक राहिला आणि शिवाजी पार्कच्या मैदानात चेंडू टाकू लागला. त्याच्या जोडीला फळीवरून फलंदाज तयार झाला. मैदान हाही तिकडचाच. 'बाद' अरबी-फारसीच्या वाटेनं हिशेबाच्या वहीत आला, तिथून क्रिकेटमध्ये. त्याला फारसी 'ना' लागला आणि नाबाद झाला.

शेजारीच कर्णधार, षटक, यष्टी ही संस्कृत मंडळी. धावचीत, पायचीत यांतलं 'चीत' तालमीतलं, कुस्तीचं. त्रिफळा तर थेट वैद्यांकडचा वाटायचा. त्रिफळा उडाला की अब्बा म्हणायचे, "आता पोट साफ." यष्टिरक्षक हा शब्द मात्र त्यांना शेवटपर्यंत जमला नाही. ते 'एष्टीरक्षक' म्हणत. सय्यद किरमाणी एसटीची राखण करतात, अशी माझ्या धाकट्या भावाची बरीच वर्षं समजूत होती.

खेळ कानानं ऐकायची ही हौस जगभरची आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं ५ ऑगस्ट १९२१ रोजी बेसबॉलचा सामना पहिल्यांदा रेडिओवरून ऐकवला. पुढे १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता तेव्हा सिडनीच्या स्टुडिओत बसलेले समालोचक तारेनं आलेला मजकूर वाचून वर्णन करत आणि बॅटचा आवाज म्हणून लाकडावर पेन्सिल आपटत. ऐकणाऱ्यांना ते चालत होतं. पेन्सिलीच्या त्या टकटकीवर लोक रात्री जागवत.

आपल्याकडे सुरुवात झाली ती मुंबईत, १९३४ साली, ए. एफ. एस. तल्यारखान यांच्या आवाजानं. बॉबी तल्यारखान पारशी, भारदस्त गळ्याचे. दिवसभर एकटेच बोलत. दुसऱ्या कुणासोबत माइक वाटून घ्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. सामने होते चौरंगी स्पर्धेचे. म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम. मुस्लिम संघ त्यात १९१२ साली आला होता. १९३७ पासून पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. या पाचव्या संघाचं नाव काय, तर 'इतर'! ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, जे कुठेच बसत नाहीत ते सगळे त्यात.

म्हणजे आपल्या देशात रेडिओवरचं क्रिकेट जन्मलं तेच धर्मांच्या नावानं खेळणाऱ्या संघांच्या मैदानावर. महात्मा गांधींनी १९४० साली या स्पर्धेबद्दल नापसंती सांगितली. १९४६ साली ती बंद झाली, आणि झाली ते बरंच झालं. पण त्यातली एक गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'इतर' संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या. त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. भाऊ विवेकनं २१ धावा करून एक बाजू लावून धरली आणि दोघांनी मिळून ३०० जोडल्या. सामना हरलेच. हजारे सांगलीचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. अब्बा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. सांगलीच्या एका हॉटेलाबाहेर रेडिओला गर्दी जमली होती आणि "आपला हजारे, आपला हजारे" असं चाललं होतं, असं ते सांगत. समोर हिंदू संघ होता आणि ऐकणारे बहुतेक हिंदूच होते. अब्बांना त्याचं फार वाटायचं.

आमच्यावर वेळ आली १९७८ साली. सतरा वर्षांनी भारत पाकिस्तानशी कसोटी खेळत होता, तिकडे जाऊन. मी नऊ वर्षांचा. त्या मालिकेत अब्बा मला म्हणत, "आवाज कम कर." बाकी सामन्यांना आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. झहीर अब्बासनं फैसलाबादला १७६ आणि लाहोरला नाबाद २३५ केल्या. अब्बांचा लाडका गुंडप्पा विश्वनाथ, त्यानं फैसलाबादला १४५ केल्या तेव्हा त्यांनी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. पण चांगला फटका तो चांगला फटका. झहीरनं चेंडू कव्हरमधून काढला की अब्बांच्या ओठांवर 'वाह' यायची आणि ते ती गिळायचे. दुकानात चार माणसं उभी असत.

मग मला एक गोष्ट दिसली. समालोचक स्वतःच म्हणायचा, काय सुरेख फटका! आपलाच, भारताचा समालोचक. ते ऐकलं की दांडीला टेकलेले मास्तर मान डोलवायचे, आणि त्यानंतर अब्बाही हळूच मान डोलवायचे. समोरच्याच्या खेळाला दाद द्यायची ही त्या लोकांची जुनी रीत होती. त्यांना कल्पनाही नसेल, पण मिरजेतल्या एका सायकलवाल्याला त्यामुळे मान हलवता यायची.

१८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजा. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार हव्या होत्या आणि मियाँदादनं षटकार मारला. रेडिओ ऐकताना माणसाचे डोळे मोकळे असतात. त्या दिवशी दुकानातले सगळे डोळे आमच्याकडे वळले. एकजण हसत म्हणाला, "काय चाचा, आज पेढे का?" मी सतरा वर्षांचा, अंगात रग होती, पाना हातात होता. अब्बांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "चेतन शर्मा वीस वर्षांचं पोरगं आहे हो. आज झोपणार नाही ते." कुणी काही बोललं नाही. पेढ्यांचं विचारणारा जाता जाता हवेचे पैसे ठेवून गेला. पुढे अनेक वर्षं तो आमच्याकडेच यायचा. मला मात्र त्याचं तोंड बघवत नसे.

अब्बांची उधारीची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात ते अधूनमधून धावा टिपून ठेवत. १८ जून १९८३ च्या पानावर, टनब्रिज वेल्सचा झिम्बाब्वेविरुद्धचा सामना. १७ धावांत पाच बाद झाले होते, तिथून कपिल देवनं डाव उभा केला. त्या खेळाचं चित्रीकरण नाही, म्हणून तो सगळ्यांनी मनातच पाहिला. अब्बांनी रात्रीच्या बातम्या ऐकून लिहिलंय : कपिल १७५, नाबाद. त्याखाली : किरमाणी २४, नाबाद. नवव्या गड्यासाठी दोघांची नाबाद १२६ धावांची भागीदारी. चोवीसच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत, आणि त्याच्याखाली एका मास्तरांच्या नावावर मागच्या चाकाचं पंक्चर, पंचाहत्तर पैसे, बाकी.