डीफॉल्ट प्रोग्रॅम (फाइल-प्रकारानुसार)

एखाद्या फाइलवर डबल क्लिक केल्यावर, वेगळे काही न सांगता, ती उघडायला जो प्रोग्रॅम पुढे येतो तो त्या फाइल-प्रकाराचा डीफॉल्ट प्रोग्रॅम. बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही; ‘तुमच्याकडं पीडीएफ कशात उघडते?’ एवढेच विचारले जाते. फाइल आणि प्रोग्रॅम यांची जोडी फाइलमध्ये नसते, त्या संगणकाच्या नोंदीत असते. म्हणून पेनड्राइव्हवरची तीच फाइल घरी एका खिडकीत उघडते आणि दुकानात दुसऱ्या. फाइल बिघडलेली नसते, यजमान बदललेला असतो.

विंडोज फाइलचा प्रकार ओळखते ते नावातल्या टिंबापुढच्या अक्षरांवरून. ही चाल सीपी/एम आणि डॉसच्या काळातली. तेव्हा नावाला आठ अक्षरे आणि प्रकाराला तीन एवढीच जागा होती. हे शेपूट बदलले की चिन्ह बदलते, आतला ऐवज तोच राहतो. कोणतीही पीडीएफ नोटपॅडमध्ये उघडली तर कचऱ्यासारख्या मजकुराआधी टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरे दिसतात. वर्डच्या नव्या फाइलच्या सुरुवातीला ‘पीके’ सापडते, कारण ती मुळात झिप असते आणि ‘पीके’ ही झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. १९८४ च्या मॅकिंटॉशची सोय याहून शहाणी होती. तिथे प्रत्येक फाइलसोबत तिचा प्रकार आणि ती कोणत्या प्रोग्रॅमने घडवली हे सांगणारे चार-चार अक्षरांचे दोन संकेत असत. त्यामुळे दोन मजकूर-फाइली आपापल्या जन्मदात्याकडे परतत. आजच्या मॅकवर एखाद्या प्रकाराचा प्रोग्रॅम बदलायचा तर ‘गेट इन्फो’मध्ये जाऊन ‘चेंज ऑल’ म्हणावे लागते. लिनक्स माइम प्रकार पाहते आणि वापरणाऱ्याची निवड एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवते.

या बारीकशा नोंदीचे वजन कळते ते जिथे एका संगणकावर दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली उघडतात तिथे. जालना रस्त्यावरचे, शेंद्रा एमआयडीसीच्या शेजारचे करमाड घ्या. अशा गावातल्या ई-सेवा केंद्रात कुणी सातबारा काढायला येतो, कुणी कंपनीत द्यायला आधार. ई-आधारची पीडीएफ कुलूपबंद असते. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष हा तिचा पासवर्ड. विंडोज १० आणि ११ मध्ये पीडीएफचे यजमानपद मुळात एज ब्राउझरकडे असते. तिथे आधार उघडते, छापताही येते, पण डिजिटल स्वाक्षरीच्या चौकटीवरचे प्रश्नचिन्ह तसेच राहते. तीच फाइल ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून स्वाक्षरीवर राइट क्लिक केले, प्रमाणपत्रावर विश्वास नोंदवला, की प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी बरोबरची खूण येते. समोरच्याला वाटते, आधारच खोटे होते आणि ऑपरेटरने खरे केले!

निवड बदलायची तर फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, मग ‘चूज अनदर ॲप’, आणि शेवटी ‘ऑलवेज’. ‘जस्ट वन्स’ दाबले तर बदल तेवढ्यापुरता. सगळे प्रकार एकत्र पाहायचे असतील तर सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ॲप्स’. ही निवड सबंध संगणकाची नसून त्यावरच्या एकेका खात्याची असते. केंद्रात तिघे एकाच खात्यावर बसत असतील तर काल कुणी ‘ऑलवेज’ दाबले त्यावर आजची सकाळ ठरते.

नोंद चुकल्याचा एक प्रकार अर्ज भरणाऱ्यांच्या चांगला ओळखीचा आहे. ब्राउझरमधून उतरवलेला फोटो ‘जेपीजी’ऐवजी ‘जेएफआयएफ’ शेपटीने साठतो आणि अर्जाचे पान तो घेत नाही. फोटो अस्सल जेपीजीच असतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत जेपेग प्रकारापुढे भलतेच शेपूट लिहिलेले असते. नाव बदलले की काम होते. त्यासाठी फोटो पुन्हा काढायला लावणे हा अन्याय आहे.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांच्या दुकानात दुखणे वेगळे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत टाइप केलेली जुनी कामे हाताळायला कोरलड्रॉची जुनी आवृत्ती ठेवावी लागते, नव्या कामांना नवी. कोरलड्रॉच्या ‘सीडीआर’ फाइलींचे यजमानपद सहसा शेवटी बसवलेल्या आवृत्तीकडे जाते. तिच्यात उघडून सहज सेव्ह केलेली पत्रिका मग जुनीत उघडत नाही. ‘सेव्ह ॲज’मध्ये जुनी आवृत्ती निवडणे हाच त्यावर उपाय.

विंडोज ७ च्या काळात याहून मोठी फजिती होई. ‘ओपन विथ’च्या खिडकीत ‘नेहमी हाच’ची खूण आधीच लागलेली असे. डेस्कटॉपवरच्या एखाद्या शॉर्टकटवर ती चुकून लागू झाली की सगळे आयकॉन एकसारखे दिसत आणि कशावरही क्लिक केले तरी तोच प्रोग्रॅम उघडे. व्हायरस समजून थेट फॉरमॅट मारणारेही होते; खरे तर रजिस्ट्रीतली एक नोंद पुसली की सारे जागेवर येई.

यजमानपदासाठी प्रोग्रॅमही भांडतात. नवा प्लेअर बसवला की गाणी, चित्रफिती सगळे आपल्या नावावर करून घेई. २०१२ च्या विंडोज ८ पासून वापरणाऱ्याच्या निवडीसोबत एक गणिती शिक्का साठवला जातो. तो जुळला नाही तर निवड धरली जात नाही. ‘ॲप डीफॉल्ट रीसेट झाले’ ही विंडोज १० ची सूचना त्यातूनच येते. पण पहारेकरीही निःपक्ष नव्हता: २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ब्राउझर बदलायला एकेक प्रकार वेगळा निवडावा लागे. टीकेनंतर २०२२ मध्ये त्यासाठी एकच बटण आले.

विंडोज ओळखीच्या प्रकारांचे शेपूट मुळात लपवते, हा या व्यवस्थेचा सर्वांत महागडा दोष. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाची ईमेल जगभर फिरली. जोडलेली फाइल ‘टीएक्सटी’ दिसत होती. त्यापुढचे खरे शेपूट ‘व्हीबीएस’ लपलेले होते आणि त्या प्रकाराचा डीफॉल्ट फाइल वाचून दाखवणारा नव्हे, चालवणारा प्रोग्रॅम होता. त्यानंतर अनेक कार्यालयांतल्या संगणक सांभाळणाऱ्यांनी ‘व्हीबीएस’चे यजमानपद नोटपॅडला देऊन टाकले: कुणी डबल क्लिक केलेच तर फाइल चालत नाही, नुसता तिचा मजकूर दिसतो.