अंगण आणि आखाडा

मुलांच्या अंगी बळ यावे, ही इच्छा आपल्या समाजात जुनीच आहे. परंतु ‘मुले’ म्हणताना मुलींना आपण त्यांत कितपत धरले, हे तपासण्यास बडोद्याचा इतिहास फार उपयोगी पडतो.

जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांच्यामुळे व्यायामाच्या क्षेत्रात या नगरीचा लौकिक झाला. १९२३ साली येथील हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे अखिल भारतीय सामने भरविले. पुढच्याच वर्षी बडोद्यास खोखोचे नियम छापले गेले. या खेळांस ना बॅट लागते, ना जाळे. गरिबाच्या घरालाही ते परवडावेत असेच आहेत.

मुलींचे खेळ काही कमी दमाचे नव्हते. मंगळागौरीच्या फुगड्या व झिम्मा किंवा गोमंतकातील धालोचा मांड पाहिलेल्यास हे सांगावयास नको. भेद एवढाच की, मुलग्याची तालीम रोजची आणि मुलीचा खेळ सणाचा. त्याला आखाडा, तिला अंगण.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ही थोर गोष्ट होय. तथापि ही सक्ती मुलग्यांस बाराव्या वर्षापर्यंत, तर मुलींस दहाव्यापर्यंतच होती. पौगंडावस्थेच्या उंबरठ्यावर मुलीची शाळा सुटे, आणि शाळेबरोबर सवंगडी व पटांगणही सुटे.

पुढेही अंतर राहिलेच. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली. स्त्रियांना २०१० पर्यंत थांबावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ११ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ७८ टक्के मुलगे व ८५ टक्के मुली रोज तासभरही पुरेशी हालचाल करीत नाहीत, असे दिसले. ही गणना शाळेत जाणाऱ्यांची. जिची शाळाच सुटली, ती या आकड्यांतही नाही.

कोणी म्हणेल, गरीब घरची मुलगी पाणी भरते, धुणी धुते, धाकट्यास कडेवर घेते. तिला व्यायाम कशाला? आमच्या मते हा युक्तिवाद निष्ठुर आहे. कष्टाने शरीर झिजते. खेळाने ते उमलते. शिवाय खेळात जिंकणे, हरणे आणि मोठ्याने ओरडणेही मोकळेपणी करता येते.

आपले खेळ स्वस्त आहेत. दुर्मिळ आहे तो मुलीच्या हक्काचा रोजचा एक तास. तो तिला घराने कामातून सोडून द्यावा आणि शाळेने पटांगणावर राखून ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे.