सिलिॲक असलेल्या मुलासाठी बिस्किटं आणि केक: गव्हाशिवाय कसं जमवायचं?

वर्गात कुणाचा तरी वाढदिवस असतो, केक वाटला जातो आणि एक मूल 'मला चालत नाही' म्हणून बाजूला होतं. सिलिॲक आजार असलेल्या मुलांच्या घरी हा प्रसंग ओळखीचा आहे. या मुलांना गहू कमी नव्हे, तर कायमचा पूर्ण बंद करावा लागतो. खाऊ मात्र बंद करायची गरज नाही, तो घरी करता येतो. पण नुसतं पीठ बदलून भागत नाही, ते कुठे दळलं हेही पाहावं लागतं.

सिलिॲक म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. सिलिॲकमध्ये ते पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरालाच इजा करते. अन्न नीट शोषलं जात नाही. जुलाब, पोट फुगणं, रक्तक्षय, वजन किंवा उंची न वाढणं अशी लक्षणं दिसतात. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात मांडला. आजही पथ्य हाच मुख्य उपचार आहे.

लक्षात ठेवा: नुसत्या शंकेवरून गहू बंद करू नका. तपासणीआधीच बंद केला तर निदान चुकू शकतं.

केक का बसतो, बिस्किट का भुरभुरतं?

मैदा भिजवला की ग्लुटेनची लवचिक जाळी तयार होते. ती हवा धरून ठेवते, म्हणून केक फुगतो. ज्वारी, नाचणी, तांदूळ यांत ही जाळी होत नाही. त्यावर उपाय असे:

• एक कप पिठाला एक चमचा इसबगोल पाण्यात भिजवून घाला. तो चिकटपणा देतो.
• अंडं चालत असेल तर तेही पीठ बांधून ठेवतं.
• मिश्रण अर्धा तास झाकून ठेवा. पीठ ओल शोषून घेतं आणि खरखर कमी होते.
• मोठ्या केकऐवजी लहान कपकेक करा. ते मध्ये बसत नाहीत.

नाचणीची बिस्किटं

साहित्य: १ कप नाचणीचं पीठ, अर्धा कप तांदळाचं पीठ, अर्धा कप गुळाची पावडर, अर्धा कप तूप, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, लागेल तसं दूध.

कृती: नाचणीचं पीठ मंद आचेवर खमंग भाजून गार करा. तूप-गूळ फेसा, बाकीचं मिसळा, दुधाचा हात लावून गोळा करा. अर्ध्या तासाने चपटी बिस्किटं थापून १७० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. गरम असताना ती मऊच लागतात, ट्रेमध्येच गार होऊ द्या, मग खुसखुशीत होतात. निदान नवीन असेल तर काही मुलांना काही काळ दूधही पचत नाही, त्यांच्यासाठी पाणी वापरा.

गहू कुठे लपलेला असतो?

• गिरणी: आधी गहू दळला असेल तर तुमच्या नाचणीत तो येतोच. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा किंवा 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं पाकीट घ्या. भारतातल्या नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.
• हिंग: बाजारातल्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं.
• मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ: यांत बहुधा गहू असतो.
• रवा, दलिया, शेवया: बहुतेक गव्हाच्याच.
• भांडी: चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि केकचे साचे वेगळे ठेवा.

शाळेत काय करायचं?

'एक घास खाल्ला तर काय होतंय' हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, पण तो घासही आतड्याला त्रास देतो आणि मुलाचं पोट दुखलं नाही तरी इजा होऊ शकते. आजी-आजोबांना आणि वर्गशिक्षकांना हे आधीच समजावून सांगा. कोरड्या बिस्किटांचा घट्ट झाकणाचा डबा वर्गात ठेवायला द्या. केक वाटला जाईल तेव्हा मुलाच्या हातातही खाऊ असेल.