डाग आणि विटाळ : संडासाच्या भांड्याचा एक छोटा इतिहास



विषयाचं नाव वाचून काहींनी हसू दाबलं, ते आम्हाला दिसलं. हसा, हरकत नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कोयनानगरात येऊन संडासाच्या भांड्यावरचे डाग काढण्यावर बोलावं, हे जरा चमत्कारिकच. पण बघा, धरणाचा इतिहास इथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतो. उंची १०३ मीटर, काम पुरं झालं १९६४ साली, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप. आपल्या घरातल्या संडासाचा इतिहास मात्र कुणी विचारत नाही. डाग कुणी काढायचा, या एका प्रश्नाभोवती तो सगळा फिरतो. आज त्यावर बोलू.

आधी डाग म्हणजे काय ते पाहू. भांडं चिनी मातीचं, त्यावर काचेसारखी झिलई. काचेला सहसा काही चिकटत नाही. मग डाग येतो कुठून? बराचसा पाण्यातून. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड आहे, त्यात लोह भरपूर. त्याच्याखाली काळा दगड. त्यातल्या बोअरच्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम असतं. हे क्षार भांड्याला रोज थोडे थोडे बसतात. पांढुरका थर येतो. त्यात लघवीतले क्षार मिसळले की तो पिवळट आणि टणक होतो. लोहाचा, नाहीतर जुन्या नळाचा गंज उतरला की तांबूस ओघळ दिसतात. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, ती निम्मीअधिक दगडाचीच जात असते.

म्हणूनच साबणाने ती निघत नाही. साबण तेलकटपणा काढतो, दगड विरघळवत नाही. त्याला आम्ल हवं. घरात लिंबूसत्व असतं, व्हिनेगर असतं. बाजारातल्या बहुतेक बाटल्यांत पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. भांड्यातलं पाणी आधी ब्रशने आत ढकलून कमी करावं, नाहीतर आम्ल पाण्यातच पातळ होऊन जातं. मग लिंबूसत्वाचं दाट पाणी डागावर ओतून रात्रभर राहू द्यावं. चुना असेल तर बारीक फसफस दिसते. सकाळी साध्या ब्रशने घासावं. थर जुना असेल तर दोन-तीन रात्री हेच करावं. तारेची घासणी आणि पॉलिश पेपर नको. झिलईवर चरे पडले की पुढचा डाग तिथेच घर करतो.

आता ब्लीचिंग पावडर. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली तिचं पेटंट घेतलं, ते कापड पांढरं करण्यासाठी. ती जंतू मारते, रंग घालवते, पण क्षाराचा थर जिथल्या तिथे राहतो. डाग गेल्यासारखा दिसतो आणि आठवड्याने परत येतो, तो यामुळे. आणि एक गोष्ट घरी जाऊन सर्वांना सांगा. ब्लीचिंग आणि आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला, तोच हा वायू. चार फुटांच्या बंद संडासात तो पळायलाही जागा देत नाही.

रसायनशास्त्र इथे संपलं. इतक्या सोप्या कामाला आपल्या समाजाने शेकडो वर्षं हात का लावला नाही, हा पुढचा प्रश्न.

ज्या वाकड्या नळीत पाणी साठून वास अडतो, ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंगने १७७५ साली पेटंट केली. आपल्याकडच्या शहरांत त्यानंतरही दीर्घकाळ टोपलीचे संडास राहिले. घराच्या मागे बोळ, बोळात खालून दार. तिथून एक माणूस येणार, टोपली उचलणार, डोक्यावर घेऊन जाणार. पुढच्या दाराशी त्याचा संबंध नाही. डाग निघत होता, पण काढणाऱ्याला आपण तो डाग कायमचा चिकटवून टाकला. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ साली मांडलं की घाण म्हणजे भलत्या ठिकाणी पडलेली वस्तू. आधी मनात व्यवस्था असते, मग घाण ठरते. आमच्या भाषेत सांगायचं तर डाग भांड्यावर असतो आणि विटाळ डोक्यात असतो. पहिला आम्लाने जातो. दुसऱ्यावर लिंबूसत्व चालत नाही.

त्यावर उपाय शोधणारा एक माणूस आपल्या शेजारच्या कोकणात होऊन गेला. आप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं. ते काम जातीवर ठरलेलं, ब्राह्मण कैद्याला द्यायचं नाही, म्हणून नकार आला. आप्पांनी अन्नसत्याग्रह केला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी ३ डिसेंबर १९३२ रोजी उपवास सुरू केला. सरकारने विचार करायचं मान्य केल्यावर तो थांबला. विचार करा मंडळी, संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण! पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत आप्पांनी मैल्याचं खत होईल असे साधे संडास लोकांपुढे ठेवले.

पण याच प्रश्नावर डॉ. आंबेडकरांचा आक्षेपही ऐकायला हवा. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, हे तपासणाऱ्या आपल्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात ते थेट विचारतात, की या कामाला थोर सेवा म्हणून गौरवायचं आणि ते त्याच माणसांकडे ठेवायचं, याला काय म्हणावं? आम्हाला दोघांत भांडण लावायचं नाही. आप्पांनी ब्रश स्वतः घेतला, म्हणून त्यांच्या कृतीला वजन आहे. तेच शब्द दुसऱ्याच्या हातात ब्रश देताना उच्चारले की बाबासाहेबांचा आक्षेप शंभर टक्के लागू पडतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारही हललं, पण बैलगाडीच्या चालीने. मुंबई सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांची स्थिती तपासायला बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ चा. हाताने मैला उचलण्यावर बंदीचा केंद्रीय कायदा आला १९९३ साली. तो अपुरा पडला म्हणून दुसरा, २०१३ साली. त्या पहिल्या अहवालापासून पहिल्या कायद्यापर्यंत एक्केचाळीस वर्षं गेली. त्या काळात आपण कोयना अडवली, डोंगर पोखरून वीज केली. टोपली डोक्यावरून उतरवायला लागणारी अक्कल त्याहून मोठी नव्हती. गरज आपल्याला वाटत नव्हती, इतकंच.

आज टोपली गेली, चकचकीत भांडं आलं, बाटली आली. तरीही शाळेत, कचेरीत, एस.टी. स्टँडवर भांडं घासणारा माणूस बघा. उघडे हात, पायात साधी चप्पल, बाटलीतलं आम्ल बोटांवर. त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं?

तेव्हा आमचं मागणं फार नाही. घरातलं भांडं घरातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने घासावं, घरच्या पुरुषांनी तर नक्कीच. सार्वजनिक ठिकाणी जो घासतो, त्याला रबरी हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार मिळतो का, हे ग्रामसभेत विचारावं. आणि लिंबूसत्व महाग नाही, वाण्याकडे मिळतं.

एवढं बोलून थांबतो.