पद्मिनी की अ‍ॅम्बॅसडर?

भायखळा स्थानकाबाहेर वर्षानुवर्षे काळ्या-पिवळ्या टॅक्सींची रांग उभी असे. त्यांतल्या बहुतेक प्रीमिअर पद्मिनी. त्याच काळात कोलकात्यात टॅक्सी म्हटली की अ‍ॅम्बॅसडर. मग या दोघींत सरस कोण? हा प्रश्न आपण आकड्यांनाच विचारू या.

दोघींचे मूळ परदेशी. पद्मिनी इटलीच्या फियाट ११००पासून आली, अ‍ॅम्बॅसडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डपासून. दोन्ही आराखडे १९५०च्या दशकातले.

आधी इंजिन पाहू. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६.८ सेंमी, त्यात दट्ट्या ७.५ सेंमी सरकतो. वृत्तचितीचे घनफळ काढून ४ सिलिंडरांनी गुणले की १०८९ घन सेंमी येतात. गॅरेजमध्ये यालाच 'सीसी' म्हणतात. अ‍ॅम्बॅसडरच्या पेट्रोल इंजिनाची मापे सुमारे ७.३ आणि ८.९ सेंमी. उत्तर १४८९. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

म्हणजे अ‍ॅम्बॅसडर अधिक चपळ? थांबा. पद्मिनीची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती, वजन सुमारे ९०० किलो. अ‍ॅम्बॅसडरची शक्ती सुमारे ५०, पण वजन ११०० किलोंहून थोडे जास्त. दर टनामागे दोघींच्या वाट्याला साधारण ४५ अश्वशक्तीच येते! मोठ्या इंजिनाची मिळकत मोठा देह ओढण्यातच खर्च होते.

फरक दिसतो तो वापरात. गाडीची गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि प्रत्येक सिग्नलला ब्रेक लावला की तिची उष्णता होऊन ती वाया जाते. पाच माणसे बसलेली अ‍ॅम्बॅसडर तेवढ्याच वेगावरून थांबताना भरलेल्या पद्मिनीपेक्षा सुमारे एक-षष्ठांश जास्त ऊर्जा गमावते. शिवाय पद्मिनीची लांबी ३.९३ मीटर, अ‍ॅम्बॅसडरची सुमारे ४.३३. टॅक्सीतळावर दहा अ‍ॅम्बॅसडर मावतील तेवढ्या जागेत अकरा पद्मिनी उभ्या राहतात. उलट, खेड्यापाड्यांतल्या खराब रस्त्यांवर भरपूर माणसे आणि सामान न्यायचे तर अ‍ॅम्बॅसडरचा ऐसपैसपणाच कामी येई.

पण मुंबईने पद्मिनी निवडली ती केवळ या गणितामुळे, असे मात्र समजू नये. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. भायखळ्याहून रेल्वेने ते अंतर अकराएक किलोमीटर. अ‍ॅम्बॅसडर तयार होई कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला. ज्या शहराजवळ कारखाना, तिथे सुटे भाग आणि जाणते मिस्त्री.

आणि दोन्ही गाड्या दशकानुदशके फारशा न बदलता टिकल्या, त्या अजोड होत्या म्हणून नव्हे. परवाना पद्धतीत उत्पादनावर मर्यादा होती, आयात जवळजवळ बंद होती आणि गिऱ्हाईक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत होते. स्पर्धाच नसेल तर आराखडा बदलायचा कशासाठी? १९८३ साली ७९६ सीसीची, वजनाने बरीच हलकी मारुती आली, तेव्हा हा प्रश्न रस्त्यावरच उभा राहिला.

अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची २० वर्षांची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. 'जे टिकले ते उत्तम' हे विधान विद्यार्थ्यांसमोर ठेवावे आणि विचारावे: कोणत्या कामासाठी उत्तम, आणि दुसरे काय उपलब्ध होते?